लोकरीची चरबी

नोराचं पत्र आलं तेव्हा एडगर कोल्टर्ड शेडमध्ये तिचीच मोटारसायकल पुसत होता. पोस्टवालीनं ते दाराच्या फटीतून न टाकता मुद्दाम मागे येऊन त्याच्या हातात दिलं, आणि तो फोडतो का ते बघत जरा घुटमळली. त्यानं फोडलं नाही. हात चरबीचे आहेत, म्हणाला. ती गेल्यावर त्यानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं.

‘जोनचं मोडलेलं हाड जुळलं,’ नोरानं लिहिलं होतं, ‘पण तिला आता एकटीला सोडवत नाही. बहीणच आहे शेवटी. मी काही परत वर येत नाही, एडगर. इथे माडीवर एक खोली रिकामी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. तू ये. दोन्ही गाड्या घेऊन ये. यायचं नसेल तर नाही म्हणून लिही, मी रागावणार नाही. पण लिही. मला रोज पोस्टमनची वाट बघायला लावू नकोस. तेव्हा माझं तोंड कसं होतं ते तुला माहीत आहे.’

त्याला तीन हिवाळे उलटले. उत्तर गेलं नव्हतं.

एडगर लिहायला बसलाच नाही असं नाही. उभा जन्म त्यानं चुनखडीच्या खाणीच्या कचेरीत पत्रं लिहिण्यात घालवला होता. माल उशिरा का आला, वजन कमी का भरलं, असली पत्रं. ती हातातून झरझर उतरायची. पण नोराला लिहायला घेतलं की प्रत्येक वाक्य आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटे. घरात भिंतभर पुस्तकं. त्यांतलंच कुणीतरी आपल्या हातून लिहितंय असं वाटे. ‘तुझं पत्र वाचून आनंद झाला’ म्हणावं तर फार थोडं, आणि त्याहून पुढचं काही म्हणावं तर ते आपल्या तोंडी शोभायचं नाही. मग आणखी एक शंका डोकं वर काढी. नोरानं आयुष्यभर डोंगरावरच्या घराघरांत जाऊन म्हाताऱ्यांना न्हाऊ घातलं, भरवलं. आपल्यालाही ती त्याच हिशेबात बोलावत असेल तर? एकटा आहे, खायची आबाळ होते, येऊ दे बिचारा. या ‘बिचारा’पाशी पेन थांबे.

महिना गेल्यावर उशिराबद्दल काय लिहावं हा नवाच प्रश्न उभा राहिला. वर्ष गेल्यावर तो प्रश्न मूळ पत्राहून मोठा झाला.

थॉर्नहोप हे गाव वेअरडेलच्या खोऱ्यात अगदी वरच्या टोकाला. ऑक्टोबर सरत आला की कौन्सिलचा ट्रक बर्फ वितळवणारं मीठ रस्त्यावर टाकत फिरायला लागतो. मीठ नसलं तर बर्फावरून माणूस घसरून दरीत जातो. मीठ असलं तर माणूस राहतो आणि गाडी जाते. दरीत नाही, जागच्या जागी, आतून गंजून. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांना त्याचं फारसं काही वाटत नाही. पण ज्यांना मोटार परवडत नाही, ते तिथे बाराही महिने मोटारसायकलवरच जातात येतात, आणि हिवाळाभर मिठाचं पाणी खालून गाडीवर उडत राहतं. गंज धरू नये म्हणून दुकानात फवाऱ्याचे डबे मिळतात. त्या डब्यांची किंमत वाचून थॉर्नहोपची माणसं ते परत फळीवर ठेवतात.

यावर जॉस पिअर्टच्या बापानं फार पूर्वी तोड काढली होती. पिअर्टांकडे मेंढ्या. लोकरीला हल्ली कुणी विचारत नाही, कातरणावळही सुटत नाही. मग मळकी लोकर मोठ्या हंड्यात उकळायची, वर तरंगणारी पिवळी चिकट चरबी निथळून डब्यात भरायची, आणि टर्पेंटाइन घालून पातळ करायची. ती ब्रशनं गाडीला चोपडली की पाणी आत शिरत नाही आणि मीठही नाही. गाडीला महिनाभर ओल्या मेंढीचा वास येतो, पण त्या गावात त्या वासाचं कुणाला काय!

ऑक्टोबरअखेर, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करायच्या रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन पिअर्टांच्या गोठ्यात जमत. त्या दिवसाला काही नाव नव्हतं. ‘चोपडायला येतोस ना?’ एवढंच एकमेकांना विचारत. नियम मात्र एक होता आणि तो कुणी मोडत नसे. आपली गाडी आपण चोपडायची नाही. जॉसचा बाप म्हणायचा, आपली असली की जो तो दिसतं तेवढं रंगवतो आणि चहाला पळतो. दुसऱ्याची असली की लाजेपोटी का होईना, खाली वाकून बघावं लागतं. म्हणून जोड्या ठरलेल्या होत्या. बाप-लेक, मेव्हणे-मेव्हणे, शेजारी.

एडगरची जोडी नव्हती. तो आपला कडेला उभा राही आणि शेवटी जॉसच त्याची गाडी उरकून टाकी. मग नोराचा नवरा गेला, आणि त्या ऑक्टोबरात नोरा टॅलंटायर त्याची लहानशी लाल होंडा ढकलत एकटीच गोठ्यात आली. तिनं चौफेर बघितलं.

“तुझ्याबरोबर कोण आहे रे?” तिनं एडगरला विचारलं.

“कुणी नाही.”

“मग असा खांबासारखा काय उभा? घे ब्रश.”

तेव्हापासून दर वर्षी. नोरा त्याच्या काळ्या गाडीखाली गोणपाटावर आडवी व्हायची, ब्रश फिरवायची आणि खालून बोलत राहायची. कोणाची म्हातारी कशी खोडकर आहे, कोणाच्या सुनेनं दार कसं उघडलं नाही, आपल्याला स्वप्न काय पडलं. तिचा चेहरा दिसत नसे, फक्त बूट दिसत. आणि चेहरा दिसत नसल्यामुळे एडगरला उत्तरं देता येत. वर्षभर चर्चच्या दारात ‘आज गार आहे’ यापलीकडे न जाणारा माणूस त्या एका दुपारी कसा बोलायचा, ते गोठ्यात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावरून त्याला कुणी छेडलं नाही. छेडलं असतं तर तो पुन्हा गप्प झाला असता, हेही सगळ्यांना माहीत होतं.

ती बहिणीकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलला गेली ती चार आठवड्यांसाठी म्हणून. गाडी एडगरच्या शेडमध्ये ठेवून गेली.

त्या ऑक्टोबरात एडगर दोन्ही गाड्या घेऊन गोठ्यात आला. आधी काळी नेली, मग चालत परत येऊन लाल. लाल गाडी त्यानं दुपारभर बसून चोपडली, इतकी निगुतीनं की पोरं बघायला उभी राहिली. मग ब्रश धुऊन ठेवला आणि काळी घेऊन निघाला.

“अरे ए पुस्तकातल्या किड्या,” जॉसनं हाक मारली. “ती तशीच कुठे नेतोस? आण इकडे, मी करतो.”

“नको. माझी नोरा करते.”

“नोरा कॉर्नवॉलात आहे, लेका.”

“माहीत आहे मला.”

“मग काय तिकडून लांब दांड्याचा ब्रश मारणार आहे ती?”

गोठा हसला. एडगरही कसनुसा हसला आणि गाडी तशीच कोरडी घेऊन घरी आला. पुढच्या वर्षी जॉसनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं नाही, नुसता बघत राहिला.

हे त्यानं का केलं, असं कुणी विचारलं असतं तर एडगरला धड सांगता आलं नसतं. पत्राचं उत्तर सुचत नव्हतं, पण तिची जागा दुसऱ्याला द्यायची नाही एवढं सुचत होतं. हेच आपलं उत्तर, असंही त्याला अधूनमधून वाटे. मिठाच्या रस्त्यावरून पुस्तकं बदलायला खाली तालुक्याच्या गावी जाताना चेनचा करकर आवाज येई, आणि त्या आवाजानं त्याला एक प्रकारचं बरं वाटे. आपण कुणासाठी तरी काही सोसतोय, असं.

या वर्षी सप्टेंबरात गाडी तपासणीला नेली, तर तपासनिसानं सांगाड्याच्या खालच्या नळीला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. त्यानं एडगरकडे असं बघितलं की जणू एखादं उपाशी जनावरच पुढ्यात आणून उभं केलंय. ही आता रस्त्यावर आणायची नाही, म्हणाला. एडगर ती ढकलत घरी घेऊन आला आणि लाल गाडीच्या शेजारी लावली.

डेस्मंड पॅस्कोचा फोन आला तो त्यानंतर महिन्याभरानं.

“मी कॉर्नवॉलमधून, पोर्थवीनहून बोलतोय. नोराच्या ओळखीचा. तिची गाडी तुमच्याकडे आहे ना? मी येऊन घेऊन जातो.”

“तिनं सांगितलंय?” एडगरनं विचारलं.

“तिला पत्ताच नाही. सांगू नका हं.”

गुरुवारी भर दुपारी मासळीचा वास मारणारी एक पांढरी व्हॅन दारात येऊन थांबली. त्यातून एक अवाढव्य म्हातारा गुडघे धरत, विव्हळत उतरला. अंगात निळा स्वेटर, कोपरावर वेगळ्याच रंगाचं ठिगळ.

“अरे देवा, काय ही थंडी!” तो म्हणाला. “आणि इथे लोक आपखुशीनं राहतात? का कुणी कोंडून ठेवलंय तुम्हाला? मी डेस्मंड.”

एडगरनं चहा केला, पावात हॅम घालून दिलं, आल्याचा केक कापला. डेस्मंड उभ्यानंच खात राहिला. बसलो तर उठवायला दोन माणसं लागतील, म्हणाला. खाता खाता पुस्तकांच्या भिंतीकडे बघत होता.

“ही सगळी वाचलीत?”

“बरीचशी.”

“नोरा म्हणालीच होती. एडगरकडे गेलं की बसायला जागा नसते, म्हणाली, खुर्चीवरसुद्धा कुणीतरी लेखक बसलेला असतो.”

आपल्याबद्दल तिकडे बोललं जातं, हे एडगरला नवीन होतं. कुठे बघावं ते त्याला कळेना. चला, गाडी दाखवतो, म्हणून तो शेडकडे निघाला.

लाल गाडी दिसायला काही खास नव्हती. चरबीच्या पिवळ्या थरावर धूळ बसून ती केविलवाणी दिसत होती. डेस्मंडनं बोट फिरवून बघितलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“हे काय, लोणी फासलंय?”

एडगरनं फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून मागच्या मडगार्डवरून एकदा फिरवलं. खालून लालभडक रंग निघाला. मग चाकाचे दोन आरे पुसले. ते काल बसवल्यासारखे चमकले. डेस्मंडनं शीळ घातली.

“आमच्याकडे समुद्राकाठी सायकल दोन वर्षांत भुगा होते. आणि हिला एक डाग नाही! किती वर्षांची ही?” असं म्हणत तो मागे सरला आणि त्याचा हात काळ्या गाडीला लागला. खपली सुटून खाली पडली. तो वळला. “ही कुणाची?”

“माझी.”

डेस्मंडनं खाली वाकून बघितलं. नळीतलं भोक बघितलं. मग पुन्हा लाल गाडीकडे बघितलं.

“एक शेड, एक माणूस, एकच रस्ता,” तो म्हणाला. “मला जरा समजावून सांगा.”

“आपली गाडी आपण चोपडायची नाही अशी इथली रीत आहे. माझी नोरा करायची.”

“पण नोरा तर तिकडे आहे.”

“हो.”

“मग तुम्ही...” डेस्मंड थांबला. त्यानं काळ्या गाडीच्या नळीतल्या भोकात बोट घालून बघितलं. बोलला तेव्हा त्याचं ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “तीन हिवाळे ही अशीच मिठात फिरवलीस? तिच्या नावानं?”

एडगरनं खाली पडलेली खपली उचलली.

“तिला कळवलंस का हे?”

“नाही.”

“अरे बाबा, मग तिला कळणार कसं? तिथे बसून गंजाचा वास येणार होता तिला?”

तो रागानं बोलला नव्हता. पण बोलल्यावर त्याचं त्यालाच ते लागलं असावं. त्यानं कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि गुडघ्यांची पर्वा न करता तिच्यावर बसला.

“खरं सांगू? गाडी हे निमित्त आहे,” तो म्हणाला. “मार्चमध्ये मी तिला लग्नाचं विचारलं. मी एकटा, ती एकटी, जोन दोघांवरही खेकसते, तेव्हा म्हटलं एकत्रच खेकसून घेऊ. तर म्हणाली, थांब, माझं एक पत्र बाहेर आहे, त्याचं उत्तर यायचंय. कधी टाकलंस, म्हटलं. तर म्हणाली तीन वर्षं झाली. मी हसलो. म्हटलं, अगं, पत्राला तीन वर्षं लागत नाहीत. तर म्हणाली, एडगरच्या पत्राला लागतात.”

“गंमत केली असेल तिनं.”

“गंमत?” डेस्मंडनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “रोज पोस्टमनच्या वेळेला ती खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला उभी राहते. रोज. सगळी झाडं कुजली. जोननं नवी आणली, तीही कुजली. कुणी काही बोलत नाही घरात. मी एकदा मासळीच्या रांगेत तिच्या मागे उभा होतो. पोस्टमन समोरून गेला, हात हलवून नुसता नाही म्हणाला. ही तशीच रांगेत उभी राहून रडली. हातात पिशवी, डोळे पुसायला हात मोकळा नाही. मीच पिशवी धरली. तशी आमची ओळख.”

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता. त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

“तर मी असा आलोय,” डेस्मंड म्हणाला. “तुला यायचं असेल तर आत्ता सांग. गाडी मागे घालतो, तू पुढे बस. चारशे मैल तुला शिव्या देत नेईन, पण तिच्या दारात नेऊन सोडीन. आणि यायचं नसेल तर तेही तिला कळव बाबा एकदा. पण ही कुंड्यांची भानगड मला आता बघवत नाही.”

‘येतो’ हा शब्द एडगरच्या जिभेवर होता. एकच शब्द, त्यात कुठल्या पुस्तकाचा वास नव्हता. कोट खुंटीला होता. दाराला कुलूप लावायलाही फारसा वेळ लागला नसता.

त्यानं डेस्मंडच्या गुडघ्यांकडे बघितलं. या गुडघ्यांनी हा माणूस देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आला होता, कदाचित हात हलवत परत जायला. आणि आपण? खोऱ्याच्या तळाशी स्टेशन आहे. तीन वर्षांत आपण तिथे एकदा जाऊन गाड्यांची वेळसुद्धा बघितली नाही. आपण इथे गाडी गंजवत बसलो आणि त्याला निष्ठा म्हणत राहिलो. ती तिकडे झाडं कुजवत होती.

आणि गेलो तरी काय? माडीवर बसू, समुद्र बघू. ती जिन्याखालून काही विचारील आणि आपण इथल्यासारखेच वाक्य जुळवत बसू. तिनं एकाच घरात राहून आपल्या उत्तरांची वाट बघायची. ते त्याला लख्ख दिसलं. ते खरंच तसं होतं, की नेहमीचीच भीती आज शहाण्यासारखं बोलत होती, हे त्याला तेव्हा ठरवता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

“आधी गार पाण्यानं धुवायची,” एडगर म्हणाला.

“काय?”

“गाडी. गार पाण्यानं. माणसं हिवाळ्यात दया येऊन गरम पाणी घालतात. गरम पाण्यानं मीठ आणखी चावतं.”

डेस्मंड त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. तो बादलीवर सरळ बसला आणि ऐकू लागला.

“धुतली की पुरती वाळू द्यायची. ओल्यावर चोपडलंत तर पाणी आतच राहतं. चरबीचा डबा विस्तवावर ठेवायचा नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. विस्तवापासून लांब नेऊन टर्पेंटाइन घालायचं, पातळ मधासारखं होईपर्यंत. नळ्यांना चपटा ब्रश, आऱ्यांना जुना दातांचा ब्रश. टायरला आणि ब्रेकला एक थेंब लागता कामा नये. बोल्टच्या डोक्यांना व्हॅसलिन. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला हात घालून लावायचं, तिथे दिसत नाही, तिथेच सुरुवात होते. आणि वरून ताडपत्री गुंडाळायची नाही. आत घाम धरतो.” एडगर गाडीजवळ उकिडवा बसला होता आणि बोटानं एकेक जागा दाखवत होता. त्याचा आवाज आता अडखळत नव्हता. “ती डाव्या टाचेनं स्टँड मारते. इथे. इथला रंग कायम उडतो, इथे दोनदा लावायचं. आणि ही उजवी मूठ. तिचा अंगठा थंडीत बधिर होतो, पण ती सांगत नाही. इथे लोकरीची पट्टी गुंडाळायची, पहिली थंडी पडायच्या आत. ती म्हणेल नको. गुंडाळायची.”

“गुंडाळीन,” डेस्मंड म्हणाला.

“तुमच्याकडे गाडी आहे?”

“जुनी स्कूटर आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखी झालीय, नुसती भोकं.”

“ती नोरा करील. तुम्ही करायची नाही.” एडगर उठला आणि फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. “ती खाली आडवी झाली की बोलायला लागते. तुम्ही उत्तर देत जा.”

डेस्मंडनं तोंड फिरवलं आणि टोपीनं नाक पुसलं.

दोघांनी फळ्या लावून लाल गाडी व्हॅनमध्ये चढवली. डेस्मंड दोरी बांधत होता, एडगर गाठी तपासत होता. मग तो आत जाऊन चरबीचा भरलेला डबा घेऊन आला आणि गोणपाटात गुंडाळून पुढच्या सीटखाली ठेवला.

“जरा थांबता का?” त्यानं विचारलं. “मी दोन ओळी लिहून देतो. तिला द्या.”

“मी नाही देणार,” डेस्मंड म्हणाला. “रागावू नकोस. मी नेलं तर तिला वाटेल, मी इथे येऊन तुझ्याकडून लिहून घेतलं. ती पोस्टाची वाट बघतेय ना, मग पोस्टानंच येऊ दे. पोस्टमनच्या हातून.” तो व्हॅनमध्ये चढला, विव्हळला आणि काच खाली केली. “आणि एडगर, ‘नाही’ लिहायचं असेल तर नुसतं ‘नाही’च लिही. फुलं-पानं घालू नकोस. मी तुझी पुस्तकं बघितलीत.”

व्हॅन उतारावरून गेली. वळणावर जॉस मेंढ्या घेऊन रस्ता अडवून उभा होता, तिथे ती बराच वेळ थांबली. मग मेंढ्यांमधून वाट काढत दिसेनाशी झाली. जॉस चालत वर आला.

“लाल गाडी होती ना आत?” त्यानं विचारलं.

“हो.”

“कोण होता तो हत्ती?”

“नोराशी लग्न करणार आहे तो.”

जॉसनं काठी या हातातून त्या हातात घेतली. काहीतरी टोमणा त्याच्या तोंडाशी आला होता, तो त्यानं गिळला. “चांगला वाटला का?” त्यानं विचारलं.

“मला आवडला असता,” एडगर म्हणाला, “दुसऱ्या कशासाठी आला असता तर.”

“रविवारी ये रे,” जॉस म्हणाला. “नुसता ये. बसायला.”

एडगरनं मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ जॉसला लागला नाही, आणि त्यानं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडगर टेबलापाशी बसला. पहिला कागद त्यानं ‘प्रिय नोरा, गेली तीन वर्षं’ इथवर नेला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्यावर तिच्या बुटांबद्दल, गोणपाटाबद्दल, खालून येणाऱ्या आवाजाबद्दल पानभर लिहिलं. ते चांगलं उतरलं होतं. आयुष्यात त्यानं इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं, हे वाचणाऱ्या माणसाला कळतं तसं त्याला कळलं. हे पान तिच्या हाती पडलं तर ती आणखी तीन वर्षं खिडकीत उभी राहील, हेही कळलं. त्यानं ते चुलीत घातलं आणि पूर्ण जळेपर्यंत बघत उभा राहिला.

तिसऱ्या कागदावर लिहिलं:

‘नोरा, मी येत नाही. हे तेव्हाच कळवायला हवं होतं. गाडी पॅस्कोंबरोबर पाठवली आहे. तिला कुठे काय लागतं ते त्यांना सांगितलं आहे. माणूस चांगला आहे. एडगर.’

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर सुधारत बसला असता. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, कोट घातला.

रात्री मिठाचा ट्रक फिरून गेला होता. रस्ता ओला, करडा होता आणि बुटांखाली मीठ चुरचुरत होतं. चर्चच्या भिंतीत बसवलेल्या लाल पेटीपाशी पोस्टवाली किल्ल्यांचा जुडगा घेऊन आधीच उभी होती, पेटी उघडायच्या बेतात. तिनं पाकिटावरचं नाव वाचलं आणि हात पुढे केला.

“द्या ना माझ्याकडेच.”

“नको,” एडगर म्हणाला. “पेटीत टाकतो.”

ती बाजूला सरली. त्यानं पाकीट फटीत अर्धं सरकवलं. बोटं सुटेनात. पोस्टवाली दुसरीकडे, डोंगराकडे बघू लागली. मग त्यानं ते सोडलं.